खिडकीतले हात

२ फेब्रुवारी
नोकरी लागली. जुनं थिएटर पाडून तिथं वाचनालय झालंय. त्याच्या दारात एक यंत्र आहे — पडद्यावर बोट टेकवायचं, थिएटरची आठवण सांगायची, ते आवाज जपून ठेवतं. वॉचमन त्याला 'बोलकं कपाट' म्हणतो. मी काच पुसायची, लोकांना मदत करायची, आठवणी ऐकून सालवार लावायच्या. साहेबांना नववीपर्यंतचं शिक्षण चाललं. "शुद्धलेखन बरं आहे की तुझं!"

मावशीचा चेहरा मात्र उतरला. "दुसरीकडे नाही मिळाली?" आई तिथंच तिकिटं विकायची, म्हणून असेल.

५ फेब्रुवारी
आई सापडली. एक आजोबा सांगून गेलेत — "तिकीटवाल्या बाईचा चेहरा कधी दिसला नाही. खिडकी एवढीशी. हातच काय ते दिसायचे. बोटं काय भरभर चालायची!"

मी दीड वर्षाचा असताना आई तापानं गेली. घरात फोटोसुद्धा नाही. माझ्याकडे एवढंच — टेबलाखाली मी झोपलोय आणि कपाळावर तिचा हात. गार. शाईचा वास.

९ फेब्रुवारी
एक बाई — "मी एकटी यायचे. ती न विचारता कडेची खुर्ची द्यायची."

हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. वॉचमन म्हणाला, "कपाटाशीच लग्न लाव. सासऱ्याची कटकट नाही."

पुसलेल्या काचेवर बोटांचे ठसे परत उमटतात. कोणी आलेलं नसतं; ठसे माझेच.

१४ फेब्रुवारी
सिनेमा दाखवणारे ऑपरेटर आले होते. त्यांची आठवण — "तिचं पोरगं टेबलाखाली बसायचं. खुर्च्यांचे नंबर मोठ्यानं वाचायचं. एकही चुकायचा नाही. तिला आई, आई करून भंडावायचं."

दीड वर्षाचं मूल नंबर कसे वाचेल?

ही आठवण कुठल्या साली लावू?

१५ फेब्रुवारी
मावशीला विचारलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ती गेली आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्या जागी जाऊन बसले. तिच्याच नावावर. नाहीतर खाल्लं काय असतं आपण? मॅनेजरनं डोळ्यांवर कातडं ओढलं. लोकांना काय, हातच दिसायचे."

"आणि मी?"

"तिथं आई म्हणायचं, घरी मावशी. असं शिकवलं होतं तुला. कधी चुकला नाहीस."

मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. म्हणजे कपाळावरचा हातही हाच. मग आईचं माझ्याकडे काय उरलं?

१६ फेब्रुवारी
जेवताना विचारलं, "आई बोलायची कशी?"

मावशीनं माझ्या ताटात आमटी वाढली. मग — "आठवत नाही रे. इतकी वर्षं मीच ती होऊन बसले. आता तिचा आवाज आठवायला गेलं की माझाच येतो."

ताट तसंच राहिलं. दोघांचंही.

१९ फेब्रुवारी
कपाटात आज एक नवी आठवण. बोलणाऱ्यानं आधी नाव सांगायचं असतं.

आवाज मावशीचा. नाव आईचं.

पुढे काहीच नाही. फक्त श्वास — आणि मग हळूच, "बाळा, झोपलास का?"