बोर्डामागचा रंग

प्रिय शकूआत्या,

तू गेल्यावर तुला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं. पुण्यानुमोदनाला सगळे बोलले, मी गप्प बसले. मला तसं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. आज लिहितेय, कारण आंबिवलीच्या विहारातलं तुझं भिंतीवरचं चित्र मी बिघडवलंय, आणि मी सांगेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

येत्या रविवारी तुझा पहिला स्मृतिदिन. पत्रिकेवर विहाराच्या समितीने ‘आपल्या भागातील पहिल्या महिला चित्रकार’ असं छापलंय. तू परांचीवर चढलीस तेव्हा यातलेच काहीजण खाली उभे राहून ‘बाईला उतरवा’ म्हणत होते ना?

भिंतीवर तू काढलीस, बायकांनाही भिक्षूंच्या संघात घ्या असं सांगायला अनवाणी निघालेली गौतमी आणि तिच्यामागच्या बायका. तू त्यांना भिक्षूंचं चीवर दिलं नाहीस. चाळीतल्या बायका नेसायच्या तशी लुगडी नेसवलीस. समितीचे अध्यक्ष मोरेकाका तेव्हा तरुण होते. त्यांनी हरकत घेतली, ती गोष्ट पप्पा अजून सांगतात.

“शकू, चीवर कुठाय?”

“अजून घेतलंय कुठे त्यांना संघात? घरातून निघाल्यात, घरचंच नेसून निघणार ना.”

हे माझ्या जन्माआधीचं. मला कळायला लागलं तेव्हापासून गौतमीचं लुगडं मातकट गुलाबी होतं. वंदना चालू असताना मी त्याच्याकडेच बघत बसायचे. भडक न होता ठाम राहता येतं, हे मला तिथे दिसलं. रंगांचं तंत्रज्ञान शिकले ते त्या भिंतीमुळे. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत शेड मॅच करायची नोकरी धरली. कपडे, बोलणं, माझ्या खोलीच्या भिंती, सगळं त्याच बेताने ठेवलं. हे तुला मी एकदाही सांगितलं नाही.

तू मात्र सांगत होतीस. “रंग गेलेत गं भिंतीचे. तू त्यातलीच ना, एकदा येऊन बघ.”

मी काय म्हणाले होते? “तसेच छान दिसतात, आत्या. शांत वाटतात.”

तू कप उचलून आत गेलीस. मला वाटलं, स्तुती तुला आवडत नाही. तेव्हाच दोन शिव्या का नाही दिल्यास? बाकी कुणाला सोडत नव्हतीस.

तू असताना मी भिंत बघायला आले नाही. समितीने बोलावलं तेव्हा आले. ओल येऊन पोपडे सुटले होते. मी यंत्राने एकेक रंग मोजला, लॅबमध्ये तसाच तयार केला आणि पोपड्यांच्या जागा भरल्या. उरलेल्या चित्रावर, तसंच टिकावं म्हणून, पारदर्शक थर दिला. मोरेकाका चष्मा काढून, लावून बघत राहिले. “दुरुस्ती कुठे केलीस तेच कळत नाही,” म्हणाले. मला अभिमान वाटला.

परवा नवीन वायरिंगसाठी गौतमीच्या पदरावरचा स्विचबोर्ड काढला. चित्र वाळतंय न वाळतंय तोच समितीने ठोकला होता ना, तो. त्यावरून तू मोरेकाकांशी कितीतरी दिवस बोलत नव्हतीस. त्याच्याखाली राणी रंग होता. ताजा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “मॅडम, ये कलर किसने लगाया?”

राणी उन्हात टिकत नाही, हे मी रोज ग्राहकांना सांगते. जुन्या भिंतीचा मूळ रंग हवा असेल तर आधी झाकलेली जागा शोधायची, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तरी मी बोर्ड उघडायला सांगितला नाही. मला जो रंग आवडत होता तोच तू लावला असशील, हे मी धरून चालले. तू स्वतः सांगत असतानाही. यंत्राचं काही चुकलं नाही, आत्या.

काल मोरेकाकांना सांगितलं.

“खरवडणार? अगं, लोक इतकं कौतुक करतायत.”

“काका, मी आत्याचा रंग नाही लावला. उन्हाने उरवलेला लावलाय.”

“कुणाला कळणारे ते?”

“मला कळलंय.”

“आणि रविवारी पाहुण्यांना काय दाखवायचं? अर्धवट भिंत?”

“हो. आणि असं का झालं ते मी सांगेन.”

“तू? माइकवर?” ते हसले. मग बोर्डाच्या उघड्या जागेपाशी जाऊन त्यांनी राणी रंगावर बोट टेकवलं. “तिनं पण असंच छळलेलं आम्हाला,” म्हणाले, आणि विहाराची किल्ली माझ्या हातात ठेवून गेले.

आज सकाळी खरवडायला सुरुवात केली. माझा थर सहज निघत नाही. काम चांगलं केलं होतं मी.

गौतमीचं लुगडं राणी होईल, त्याचा नमुना आहे. मागच्या बायकांवर बोर्ड नव्हता, त्यांचे रंग मोजायला काहीच उरलं नाही. चाळीतल्या ज्या बायका बघून तू त्या काढल्यास, त्यांच्या लेकीसुनांना विचारीन. ज्यांचं कुणालाच आठवत नाही, त्यांचे रंग मी डोळ्यांनी ठरवीन. चुकतील. चुकले तर लोक मला बोलतील, ते मी ऐकून घेईन. पण आत्या, तुझ्या एकाही बाईला मी पुन्हा फिकं नेसवणार नाही. वचन देते.

तुझ्या भिंतीसमोरून,
तुझी भाची
प्रज्ञा