बिनचुन्याची फवारणी

४ फेब्रुवारी. सकाळ.
दादा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला. तीन आठवडे गहू माझ्या ताब्यात. पानांवर पिवळे पट्टे आलेत, म्हणजे जस्त कमी पडतंय. पानांवरच झिंक सल्फेट फवारायचं. दादानं चिठ्ठी लिहून दिली. म्हणाला, एवढं नीट पार पाडलंस तर यंदापासून गहू तुझ्याकडे. सेहेचाळीस वर्षांचा झालो, आजवर याच्याच हाताखाली. आता बघाच म्हणावं.

६ फेब्रुवारी. दुपारी १२.
चिठ्ठी वाचली, त्याचा मान म्हणून. पंधरा लिटरच्या पंपाला पंचाहत्तर ग्रॅम झिंक. त्याच्या निम्मा चुना भिजवून, वरची निवळी मिसळायची. 'चुना'खाली दोन रेघा. फवारणी ऊन उतरल्यावर. दादा पहिल्यापासून भित्रा. चुना भिंतीला लावतात. आणि आजारी पिकाला असं चिमूटभर औषध? दीडशे ग्रॅम टाकलं, चुना वगळला. संध्याकाळी मॅच आहे, म्हणून आत्ताच उरकलं.

८ फेब्रुवारी.
शेंडे तपकिरी दिसतायत. चष्मा पुसला. तरी तपकिरी.

९ फेब्रुवारी. सकाळी ७.
 सगळं शेत इस्त्री फिरवून भाजल्यासारखं. औषध लागू पडताना आधी रंग बदलत असेल. बहुतेक. बायकोला विचारलं, गहू कसा वाटतो? म्हणाली, तुमच्यासारखा. म्हणजे कसा, ते विचारायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात वहिनी दवाखान्यात दादाचा डबा घेऊन निघाली. बांधावर थांबली, वाकली, एक पान तोडून पर्समध्ये टाकलं. 

१० फेब्रुवारी.
दादाचा फोन. गहू कसा आहे? म्हणालो, फर्स्ट क्लास. आवाज का कापतोय? म्हणालो, थंडी. पंखा चालू होता.

१२ फेब्रुवारी.
औषधाच्या दुकानात गेलो. एका मित्रासाठी म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, चुन्यानं झिंकचा आम्लपणा मरतो, नाहीतर पान भाजतं. मित्राला सांगा, घाबरू नका, नवं पान येईल, फक्त आता काही उद्योग करू नका. दारापर्यंत आलो तर मागून विचारलं, मित्राच्या मोठ्या भावाचा गुडघा कसा आहे?

२१ फेब्रुवारी.
दादा परवा येणार. जेवण जात नाही. संकल्प : उद्यापासून धीर धरायचा.

२२ फेब्रुवारी. सकाळी ६.
उपाय सापडला! कुबड्या घेऊन दादा पिकात शिरणार नाही, बांधावरूनच बघेल. म्हणजे बांधाकडच्या चार ओळी तेवढ्या हिरव्या दिसल्या पाहिजेत. जळके शेंडे छाटून टाकायचे. बायकोची शिवणाची कात्री घेतली.

सकाळी १०. दीड ओळ झाली. अंगठ्याला फोड. तरी काम सुबक.

२३ फेब्रुवारी.
दादा आला. बांधावर उभं राहून ओळी बघितल्या. मग विचारलं, हे कुणी खाल्लं? माझ्या तोंडून निघून गेलं, शेळीनं.

दादा म्हणाला, शेळी फार टापटिपीची दिसते, पट्टी लावून खाते. मग खिशातून वहिनीनं नेलेलं पान काढलं. नऊ तारखेपासूनच त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षी त्यानंही असंच अर्धं शेत भाजलं होतं, म्हणून त्या दोन रेघा. जळलं त्याचं काही नाही रे म्हणाला, पण मला सांगायला काय झालं होतं? मी खातो का तुला?

खरं सांगायची तीच वेळ होती.  परत म्हणालो, शेळीच होती, दादा.

त्याचा चेहरा उतरला. पान परत खिशात ठेवलं. मग म्हणाला, ठीक आहे. शेळी असेल तर राखण लागेल. कापणीपर्यंत.

२७ फेब्रुवारी. सकाळी ९.
बांधावर खुर्ची, हातात काठी. गहू शेवटी माझ्याकडे आला, राखायला. मधून नवी हिरवी पानं निघतायत, माझी काही मदत नसताना. दुसरी फवारणी आज ऊन उतरल्यावर वहिनी करणार आहे. चुन्याची निवळी तिनं कालच गाळून ठेवली.

संध्याकाळी ६.
दादानं खिडकीतून विचारलं, आली का शेळी? म्हणालो, अजून नाही.