चूक ‘ती’ असते

९ जानेवारी २०२५, गुरुवार
बँड स्थापन झाला. नाव ‘ऑफ-पीक’. नाव माझं, कल्पना माझी, अ‍ॅम्प माझा. लंडनमधल्या हॅरोच्या चर्च हॉलमध्ये दर गुरुवारी प्रॅक्टिस. ड्रम्सवर राज, माझा जुना मित्र. डेंटिस्ट आहे, पण हात बरा आहे. बेसवर उर्वी. नॉटिंगहॅमला जन्मलेली-वाढलेली, वय चोवीस, इथे फार्मसीत नोकरी. लीड गिटार, लीड व्होकल्स, लीड सगळं: मी.
संकल्प: उन्हाळ्यापर्यंत रेकॉर्ड डील, मग कौन्सिलच्या पार्किंग डिपार्टमेंटला रामराम. पोट कमी करणे (सोमवारपासून).
पुण्याला आईला फोन केला. तिने विचारलं, ऑफ-पीक म्हणजे कसलं पीक? समजावलं, गर्दी नसते ती वेळ. म्हणाली, मग गर्दी कशी येणार रे?

२३ जानेवारी
‘गॅप’ बसवतोय. माझं गाणं. नऊ मिनिटं, दोन सोलो. दुसऱ्या सोलोत उर्वी मध्येच घुसली आणि म्हणाली, सॉरी काका, माझा चूक.
दोन गोष्टी खटकल्या. पहिली, काका. मी त्रेचाळीसचा आहे. रॉकमध्ये काका नसतो. दुसरी, चूक. गिटार खाली ठेवून नीट समजावलं: ती चूक, त्या चुका, माझी चूक. पोरगी आपली म्हणत बसली, माझा? माझी? माझा? माझी? राजने खाली ठेका धरला. दोघं हसून लोळायला लागले. मी हसलो नाही. व्याकरण हा काय हसण्याचा विषय आहे?

६ फेब्रुवारी
उर्वीने त्या चुकीचं चक्क गाणं केलं. तीन मिनिटं, तीन कॉर्ड्स. कडवी इंग्लिश, मराठी ओळ एकच, तीही अशुद्ध: ‘माझा चूक’. राज म्हणाला, कॅची आहे. कॅची तर फ्लूसुद्धा असतो.
पोट: आहे तिथेच.

७ मार्च, शुक्रवार
पहिला गिग! पबची मागची खोली. ‘गॅप’ सुरू होताच लोक बारकडे गेले. माणसाला तहान लागावी अशी ताकद फार कमी गाण्यांत असते. उर्वीच्या गाण्याला सगळे परत आले. साहजिक आहे, ग्लास भरून झाले होते. परत आलेच होते म्हणून नाचले.
मग तिने माइकवर ओळख करून दिली: ऑन गिटार, विनय काका! सगळा पब ‘काका! काका!’ ओरडायला लागला. आमच्या पुण्यात काकाच्या नावाने एकदा अशीच आरडाओरड झाली होती. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
तिला ‘वन्स मोअर’ मिळाला. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही तिचे वडील का?

८ मार्च
सकाळी मी किचनमध्ये, बायको ऋजुता बाथरूममधून ओरडली, अहो, जळल्याचा वास येतोय! मी शांतपणे सांगितलं की मी अजिबात जळत नाहीये, कालच्या पोरीवर मी कशाला जळू, उलट माझा तिला आशीर्वादच आहे. ती म्हणाली, पोळी. तव्यावरची पोळी जळतेय, ती उतरवा.

३ एप्रिल
कार्डिफच्या एका फेस्टिव्हलला नव्या बँडसाठी एक जागा आहे. डेमो मीच पाठवला. ‘गॅप’. निवड झाली की बघतो कोण काका म्हणतंय.

२४ एप्रिल
निवड झाली!!! कार्डिफ!!! मेलमध्ये लिहिलंय, गाणं अफलातून आहे. ऋजुताला उचलायला गेलो, कमरेत उसण भरली.

२४ एप्रिल, संध्याकाळी
राजचा फोन. त्यानेही एक डेमो पाठवला होता म्हणे, मला न सांगता. निवड त्याची झाली. ‘माझा चूक’ची. मेल पुन्हा वाचला. खाली ‘गॅप’बद्दल एक ओळ होती: तुमची दुसरी फाइल उघडली नाही.
म्हणजे ऐकलंच नाही! ऐकलं असतं तर प्रश्नच नव्हता.

१ मे
महाराष्ट्र दिन. मुहूर्त साधून अल्टिमेटम दिला. कार्डिफला हे गाणं म्हणायचं तर शुद्ध म्हणायचं: ‘माझी चूक’. आणि म्हणणार मी. नाहीतर मी बँड सोडला. प्रश्न माझा नाही, भाषेचा आहे.
उर्वीचे डोळे भरले. म्हणाली, काका, शनिवारच्या मराठी शाळेत सगळा क्लास मला हसायची, मग मी मराठी बोलायचाच सोडला. हा गाणं म्हटला तेव्हा पहिल्यांदा लोक माझ्याबरोबर बोलला.
एका वाक्यात किती चुका! मी ठाम राहिलो.
राज म्हणाला, ओके. आणि दोघं सामान आवरायला लागले. येतील. माझ्या अ‍ॅम्पशिवाय जाणार कुठे?

८ मे
चर्च हॉलवर वेळेवर गेलो. आत झुंबा चालला होता. राजने बुकिंग सोडलंय. ग्रुपवर ‘उर्वी लेफ्ट’, ‘राज लेफ्ट’. अ‍ॅडमिन मी. बरंच झालं. आता ‘ऑफ-पीक’मध्ये निर्णय एकमताने होतील.

२२ मे
दोघांनी नवा बँड काढला. नाव: ‘माझा चूक’. म्हणजे मी त्या दिवशी डाफरलो नसतो तर ना गाणं असतं, ना बँड. पण ‘संस्थापक’ म्हणून कुठे नाव आहे का माझं? नाही. मी जळत नाही. मला वाईट वाटतं, त्यांच्यासाठी.

१४ जून, शनिवार. कार्डिफ.
ऋजुताला सांगितलं, पार्किंगची कॉन्फरन्स आहे. ती म्हणाली, बरं, उर्वीला माझं प्रेम सांगा.
गर्दीत मागे उभा राहिलो. मुद्दाम. प्लॅन पक्का होता: कोरस आला की खणखणीत आवाजात ‘माझी’ म्हणायचं. एवढ्या लोकांत एक तरी शुद्ध निघायला हवा.
उर्वी आली. चिमुरडी दिसत होती तेवढ्या मोठ्या स्टेजवर. मग गायला लागली. बरं गायली. खरं म्हणजे फारच बरं गायली. जिथे उभी होती ती जागा माझी होती. मला ती अजूनही हवी आहे.
कोरस आला. सगळं मैदान ‘माझा चूक’ म्हणून उसळलं. मी जीव तोडून ओरडलो, ‘माझी! माझी चूक!’
शेजारचा लाल दाढीवाला वेल्श माणूस वळला. वाटलं, आता भांडतो. नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, बालवाडीत शिकवतात तसं म्हणाला, ‘माझा’, मेट. ‘माझा’. पुढे समजूतही घातली, की ही मराठी आहे, सुरुवातीला जड जाते, होईल सवय.
पुढच्या कोरसला मी ‘माझा’ म्हटलं. त्याने अंगठा वर करून दाखवला.