बोंबील सादळले की शनी दिसतो

१२ ऑक्टो., सोम.
लिही सुजाता. पुन्हा ढग. दसरा आठ दिवसांवर आला तरी आभाळाचं मुतणं थांबत नाही.
(आई, असंच लिहू?)
असंच. अक्षर तुझं, तोंड माझं. सून म्हणून गाळायचं नाही काही.
म्हातारा सातपासून मागच्या अंगणात खुर्ची टाकून. समोर दुर्बीण. नात जुई पुण्याला शिकायला गेली आणि हे तीन तंगड्यांचं बेणं आमच्या गळ्यात मारून गेली. म्हाताऱ्याला शनीचं कडं बघायचंय. चाळीस वर्षं तांडेल होता, ताऱ्यांवर नजर ठेवून होडी घरी आणली. म्हणतो, "सगलं बगला, कडं तेवडा नाय बगला."
उजवा डोळा काचबिंदूने खाल्ला. डावा चाललाय, कडेकडून काळोख आत सरकतोय. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर सांभाळा, गेलेली परत येत नाही. म्हणजे आम्हाला घाई. आभाळाला नाही.

१५ ऑक्टो., गुरु.
डोळ्यांचा दवाखाना. मशीनमध्ये तोंड घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. म्हातारा ठिपका नसतानाही टकाटक दाबतोय. बाई वैतागली, "आजोबा, दिसल्यावर दाबा हो!" बाहेर येऊन माझ्या कानात, "नापास केला असता ना गो."
पंचावन्न वर्षं हेच. करपलेलं कालवण वाढा, म्हणणार फस्क्लास. याच्या 'हो'वर कुणी विसंबायचं?
संध्याकाळी ढग. वेगळं काय लिहायचं.

१९ ऑक्टो., सोम.
ढगाला भोक पडलं. चंद्र दिसला, भाताच्या फेसात बुडालेला. शनी नाही.
शेजारची मालती कुंपणावरून, "मावशी, शनीला असं टक लावून बघू नये. साडेसाती मागे लागते."
म्हटलं, "अगो, दर शनवारी तेल घालते मी त्याला. एवढा तेल प्यायला, एकदा तोंड दाकवायला काय जातंय त्याचा?"
तिने कानाला हात लावले. मी डास मारला.

२६ ऑक्टो., सोम.
पाऊस गेला एकदाचा. सुजाताच्या फोनवर 'आकाश निरभ्र'. कोरडा वारा, गच्चीवरचे बोंबील दुपारपर्यंत काडीसारखे कडक. तारे नुसते चमचम चमचम. सगळे खूश.
नळीतून बघितलं. उकळत्या पाण्यात मटकी टाकल्यासारखा शनी. वर, खाली, फुटला, जुळला.
म्हातारा: "नाचतोय."
कडं?
"नाचतोय म्हणतो ना."
शी. लग्नाची वरात आहे का ही?

२८ ऑक्टो., बुध.
परवासारखंच. जुईला फोन लावला.
"आजी, दुर्बीण ठेवतेस कुठे?"
कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात. शेगडीशेजारी. गोधडीत गुंडाळून. संध्याकाळी दव पडतं, काच ओली होईल, म्हणून बघायच्या वेळीच बाहेर काढते. घरातलं लेकरू असतं तर दुसरं काय केलं असतं?
पोरगी आधी हसली. मग हसायची थांबली. "आजी, नळी आतून गरम राहते गं. आतली गरम हवा हलते, म्हणूनच तुझा शनी उकळतो. तासभर आधी उघडी बाहेर ठेवायची."
म्हणजे दोन स्वच्छ संध्याकाळी माझ्या गोधडीने खाल्ल्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यात अशा किती उरल्यात, देवाला ठाऊक.
 म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. गोधडी धुवायला टाकली, धुवायची नव्हती तरी.

३१ ऑक्टो., शनि.
देवळात तेल घातलं. दुर्बीण पाचपासून उघडी अंगणात. म्हाताऱ्यापेक्षा थंड झाली असेल.
उकळी बसली. पण थरथर आहेच. वर कुठेतरी वारा आहे, तारे लुकलुकतायत म्हणजे आहेच. सूपभर बोंबील मात्र झकास वाळले.
म्हातारा अर्धा तास डोळा लावून. पाणी यायला लागलं, उठवला.
पडल्या पडल्या एक गोष्ट मनात आली. उद्या सांगेन. मूर्खपणाची असेल.

१ नोव्हें., रवि.
सांगते. गव्हाण गावाला होतो तेव्हा वलांडीवर, म्हणजे दोऱ्यांवर, हजारांनी बोंबील टांगायचे मी. संध्याकाळी वर बघायचं. तारे लुकलुकले की उद्या वारा, बोंबील कडक. तारे मेलेले, जागच्या जागी, की हवा कुंद, बोंबील सादळणार, वास मारणार.
मग लुकलुकत्या ताऱ्यांत शनी नाचणारच ना? याला बघायचा तर मेलेल्या हवेत बघायचा. बोंबील नासतील त्या दिवशी.
सुजाताने लिहिता लिहिता माझ्याकडे बघितलं. म्हणाली, फोनवर अशा दिवशी 'हवा खराब' येतं, म्हणून आपण दुर्बीण काढतच नाही.
तेच म्हणते मी. फोनने कधी बोंबील वाळवलेत?

८ नोव्हें., रवि.
लक्ष्मीपूजन. फटाके. धूर असा की मालतीचं घर दिसत नाही, शनी कुठला. खोकून खोकून बरगड्या दुखल्या. सगळ्या गल्लीला लक्ष्मी पावो, आणि अक्कलही.
म्हातारा आतच बसून होता. चकली हातात दिली तर ती बशीच्या बाहेर ठेवली. बशी दिसली नाही.

१० नोव्हें., मंगळ.
पाडवा. हवा घाण. वाऱ्याची झुळूक नाही, तळोज्याच्या कारखान्यांचा उग्र वास जागच्या जागी तरंगतोय, अंगाला चिकचिक. बोंबील सादळले, दोन फेकले. वर बघितलं. मोजून सात-आठ तारे, तेही मेलेले. एकही हलत नव्हता.
म्हटलं, काढा दुर्बीण.
म्हाताऱ्याला ओवाळलं. खिसा चाचपायला लागला. म्हटलं, "ओवालणी राहू द्या, तुमी शनी बगा."
आधी मी डोळा लावला. थांबला होता! मसुराच्या डाळीएवढा, आणि आरपार सुई टोचलेली. झालं, एवढंच. एवढ्यासाठी महिनाभर डास खाल्ले? (आई डोळा काढत नव्हत्या, मी ओढून बाजूला केलं. सु.) तुला कुणी लिहायला सांगितलं?
मग म्हातारा बसला. त्याला नळीचं तोंड सापडायलाच वेळ लागतो. मान तिरकी कर, सरळ कर. मी खांद्याला धरून उभी. बराच वेळ काही नाही. मग हळूच,
"हाय. कडं हाय गो. हाय."
आणि हसला. सगळं बोळकं दिसलं.
मागून सुजाता वाकली बघायला. नळीत नुसता काळोख. शनी मिनिटभरात सरकून जातो, परत नळी फिरवून पकडावा लागतो. तो गेला होता.
कधी गेला? म्हातारा बोलला त्याच्या आधी की नंतर?

१२ नोव्हें., गुरु.
न राहवून विचारलं. कसा होता?
"जुईच्या फोटूत हाय तसाच."
जुईने फोनवर पाठवलेल्या शनीच्या फोटोत कडं ताटलीएवढं रुंद आहे. मी बघितली ती सुई.
"नीट दिसला ना पन?"
"फस्क्लास."
मेला. दुसरा शब्द नव्हता याला?

१४ नोव्हें., शनि.
आज तेल घालताना शनीला दोन शब्द सुनावले. देवळातला पुजारी बघत होता.
हवा पुन्हा सडकी. वास, चिकचिक, तारे मेलेले. म्हणजे उत्तम. दुर्बीण पाचपासून बाहेर. आता म्हाताऱ्याच्या डोळ्यातला कडेकडचा काळोख आणखी आत आलाय, दार समजून भिंतीला हात लावतो. पण म्हणाला, "आज पन बगू या."
सात वाजता मी शनी धरून दिला. तसाच, डाळ आणि सुई. म्हातारा आत चपला शोधत होता. अंगणात मी एकटी.
मनात आलं, नळी वीतभर फिरवावी, मालतीच्या पाण्याच्या टाकीकडे. मग त्याला बसवावं आणि विचारावं. "हाय" म्हणाला, तर पाडव्याचंही कळलं. गप्प राहिला, तरी कळलं.
हात ठेवला नळीवर.
सुजाता, हे लिहू नको. लिहिलंस? बरं, राहू दे.
काठी टेकत आला. "थांबलाय का गो आज?"
"थांबलाय," म्हटलं. "या."
हात अजून नळीवरच होता.