जहाजं बुडाली त्या देशातली धाकटी

४ नोव्हेंबर

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची मुद्रितं पोचली. छापखान्यात चौतीस वर्षं परक्यांच्या चुका काढल्या, वाटलं घरच्यांच्या काढताना हात जड होईल. झाला नाही. पहिल्या पन्नास पानांत एकशे सोळा सापडल्या.

तुझ्या गोष्टीत समुद्रापलीकडच्यांची जहाजं खाडीच्या तोंडाशी बुडाली, वाचलेल्यांना आपल्या लोकांनी बरं करून परत पाठवलं, आणि पुढची दोनशे वर्षं आपली जमीन आपल्याकडेच राहिली. कल्पना ठीक. पण तुझ्या त्या देशात एकही चोंबडी शेजारीण नाही, एकही ऐतखाऊ दीर नाही. आपले लोक काय साखरेच्या बाहुल्या होते?

तेही चालवून घेतलं असतं. पण नवव्या प्रकरणात माझी धाकटी बहीण सत्तरीची होऊन होड्या बांधते, सात नातवंडं खेळवते. सातव्या वर्षी गेलेल्या मुलीला कुणाला विचारून जिवंत केलंस? तिला काढ. लाल पेन्सिल माझ्या हातात आहे, पण आधी सांगून बघते.

प्रकृती जप.
तुझी आत्या

९ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

एकशे सोळांपैकी निम्म्या चुका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या आहेत, एवढं तरी मान्य कर.

मी नकाशाच्या कचेरीत रोज आपल्या टेकड्यांवर त्यांनी दिलेली नावं लिहिते, आपली नावं कंसात, बारीक अक्षरात. म्हणून जहाजं बुडवली. ती बुडाली की त्यांच्या मिशनच्या सिस्टरांची निवासी शाळाही नाही, आणि शाळा नाही तर धाकटी आत्याही जिवंत राहते. बाबांना तिच्याबद्दल एकच वाक्य ठाऊक होतं, शाळेत तापानं गेली. तेवढ्यावरून म्हातारी उभी केली.

तू म्हणशील तर काढते. महिनाअखेर मुद्रितं परत द्यायची आहेत. पण का, ते सांग. तिची वेणी घालणारी, जिभेला धार असलेली थोरली बहीण प्रकाशकांना सगळ्यांत आवडली. ती कोण, हे सांगायला नको.

माया पातळ करू नकोस.
तुझी भाची

१५ नोव्हेंबर

चि. पोरी, आशीर्वाद.

तापानं गेली हे खरं, पण अर्धं. उरलेलं मी तुझ्या बाबालासुद्धा सांगितलं नाही.

शाळेत दोरीत ओवलेली एक लाकडी चकती होती. आपल्या भाषेत बोलणारीच्या गळ्यात ती पडायची. मग तिनं दुसरीला बोलताना पकडायचं आणि तिच्या गळ्यात घालायची. संध्याकाळच्या घंटेला जिच्याकडे असेल ती सकाळच्या प्रार्थनेपर्यंत धुलाईघरात, ओल्या फरशीवर, अनवाणी उभी. सिस्टरांना पहारा ठेवावा लागत नसे. तो आम्हीच ठेवायचो.

मी अकरा वर्षांची, ती सात. त्या थंडीत मी दोनदा उभी राहिले होते. तिसऱ्यांदा चकती आली तेव्हा मला बघून सगळ्या ओठ मिटून घ्यायच्या. घंटेला थोडाच वेळ होता. धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. मी जवळ गेले आणि आपल्या भाषेत, हळूच, विचारलं की आईची आठवण येते का.

"येते," ती म्हणाली.

मी दोरी काढून तिच्या गळ्यात घातली. ती रडली नाही. केसांत अडकू नये म्हणून तिनं मान वाकवून दिली. आठव्या दिवशी गेली.

आता कळलं, तुझी ती वेणी घालणारी वाचून मला काय झालं? लोभ असू दे, असं लिहायला तोंड नाही.
आत्या

२१ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खोटं लिहिणार नाही, दोन दिवस तुझा राग आला. कचेरीत एक अख्खा नकाशा वाया घालवला. मग आठवलं की तूही अकराच वर्षांची होतीस. हे वाक्य तू खोडशील, तरी लिहिते.

धाकटीला ठेवू की काढू? आता तूच ठरव.
भाची

२६ नोव्हेंबर

चि. पोरीस आशीर्वाद.

वाक्य खोडलं. मुद्रितं परत पाठवतेय.

धाकटीला राहू दे. पान २०३ वर ती सत्तरची आहे आणि २१९ वर अडुसष्टची. दोन्हीकडे एकोणसत्तर कर, यंदा तेवढीच झाली असती. थोरलीला मात्र सगळीकडून काढलंय. प्रकाशक हळहळले तर हळहळू देत. जहाजं बुडाली असती म्हणून मी चांगली निघाले असते, हे तुला कुणी सांगितलं? वेणी तिची तिला घालता येते.

थोरली गेली तिथं पाऊण पान मोकळं झालंय. ते भर. नातवंडांपैकी कुणीतरी तिला विचारू दे की आईची आठवण येते का. आणि मग तिला बोलू दे, आपल्या भाषेत, पान संपेपर्यंत. एका शब्दावर थांबवू नकोस.

तुझी
आत्या