पहिल्या हाकेची ओ

१९ नोव्हेंबर, सोमवार. शिरूर कासार

चहात साखर न्हाई. ऊस तोडणाऱ्या बायांची संस्था, आन् चेअरमन बबनराव मला अगोड काळं पाणी पाजून म्हणतात, या दगडाबाई, बसा. बसले. वडवणीपासून येस्टीत उभी राहून आले, पाय सुजलेत. पण खोली चांगली हाय. खिडकीत बाभळ, तिच्या सावलीला शेळ्या, आन् टँकर थेट दारात. आमच्या गावात टँकरमागं घागर घेऊन पळावं लागतं. खूश हाय मी, खोटं कशाला लिहू.

काम असं. संस्थेच्या बाया कारखान्याला गेल्यात, कुणी ह्या फडात, कुणी त्या फडात. सगळ्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप हाय, व्हाट्सॲपचा. तो केशरबाई सांभाळायची. ती गेल्या हंगामात वारली. तिचाच फोन बबनरावांनी माझ्या हातात दिला. म्हणले, आता ॲडमिन तुमी. नव्या बाया येतात आन् निघून जातात, त्या टिकवा. आन् रोजचं लिहून ठेवा. माझी शाळा चौथीत थांबली, जीभ तेवढी पुढं गेली. बघू.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

बाया का पळतात ते कळलं. ग्रुप उघडला की फुलं. सकाळची फुलं, रात्रीची फुलं, मधे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. नवी बाई लाजत म्हणती, मी आले. तिला एक उत्तर न्हाई. बाई हाय का भिंतीतली खुंटी?

फुलं उपटली. बॅनर तर बबनरावांनीच टाकलेला, तोबी काढला. ते म्हणले, आजी, साहेबांचा फोटो काढला तुमी! मी म्हणलं, साहेब कोयता घेऊन फडात गेलेत का? गेले असतील तर ठेवते.

आता नवी आली की तिला नावानं बोलायचं, गाव विचारायचं, आन् एक जुनी बाई तिला जोडून द्यायची. संध्याकाळी जेवलीस का, एवढं तरी तिनं विचारायचं. आज एकबी निघून गेली न्हाई.

२६ नोव्हेंबर, सोमवार

केशरची हजेरी पुन्हा चालू केली. मुकादम जशी पहाटे टोळीची हजेरी घेतो, तशी ती ग्रुपवर आवाजात एकेकीचं नाव घ्यायची. जिची ओ आली न्हाई, तिला हुडकायला जवळच्या फडातली बाई पळायची. उभ्या उसात पडलेलं माणूस बांधावरून दिसत न्हाई. अशा कितीतरी जणी वाचल्या म्हणतात.

गेवराईकडची छबू नवी हाय. ती बोलली, आजी, अंधारात पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात, तिसरीला द्यावी. माझी सासूबी हेच सांगायची. पण मी छबूला झापलंच. फोनातून हडळ येती व्हय गं? नियम म्हंजी नियम. नाव आलं की ओ, पहिल्याच हाकेला. सगळ्या हसल्या. छबूनंबी हसत ओ दिली.

नातसून जानकीलाबी ग्रुपात घेतलं. पहिलाच हंगाम तिचा. वाचता येत न्हाई, बोलायला कुणी न्हाई, पाचटाच्या कोपीत एकटी बसून रडत असंल. हितं चार जणी तरी इचारतील.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

तोंड धुऊन येईस्तोवर हजेरी गेलेली. माझ्याच फोनवरून, हिरव्या पट्टीत, जणू मीच पाठवली. आवाज माझा न्हाई. तरण्या बाईचा, जरा घोगरा, मागं पाल्याची सळसळ. एकच नाव. छबू. खाली छबूची ओ.

बबनरावांना ऐकवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणले, केशर हाय ही.

दुपारी निरोप आला. छबू सरीत निजल्यासारखी पडलेली सापडली. थंडगार. कोयता मुठीत. मुकादम म्हणतो, ऊन लागलं. ह्या थंडीत ऊन?

१ डिसेंबर, शनिवार

केशर कशी गेली ते बबनरावांनी आज सांगितलं. ती स्वतः फडात तोडायला जायची. एका पहाटे हजेरी झालीच न्हाई. बायांना वाटलं, रेंज नसंल. तिला सगळ्यांची नावं पाठ, पण हजेरी घेणारणीचं नाव कोण घेणार? साप चावून दिवसभर उसात पडून होती. मोळ्या भरायला गडी आले तवा सापडली. फोन हातात होता. सगळ्यांना हुडकणारी बाई, आन् तिला हुडकायला एकबी जण गेलं न्हाई.

भाकरी केली न्हाई आज.

ग्रुपवर बोलले, बायांनो, हजेरी बंद, कुणी ओ देऊ नका. मग परत लावून ऐकलं. बोलले मी, आन् निघाला केशरचा आवाज. माझं सगळं बोलणं गायब. नुसतं एक नाव. भिवरा.

भिवरानं ओ दिली. नवीच होती. नियम माझा होता.

२ डिसेंबर

भिवराबी गेली. तशीच. कोयता मुठीत.

केशरची हाक पुन्हा ऐकली. मागं सळसळीत एक बारीक ओ हाय. छबूची.

नव्या बाया टिकवा म्हणले होते. टिकल्या. केशरच्या टोळीत.

४ डिसेंबर

फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. आतून सळसळ येती —

नवी आता एकच. माझी जानकी.

तिला ग्रुपातून काढलं. पुन्हा आत. काढलं. पुन्हा आत.

बबनरावांच्या फोनवरून लावलं. लागत न्हाई. पोरगी पहाटे बांधावर चढती, तवाच तेवढी रेंज. बबनराव जीप घेऊन तिच्या फडाकडं निघालेत. वाट लांब —

५ डिसेंबर, पहाट

केशरला हाक मारली. फोनात न्हाई. खिडकीतून, बाभळीकडं तोंड करून. केशर. अगं केशर. केशरे, कुठं हाईस गं माय.

कुणीतरी घ्यायला पायजे होतं की तिचं नाव.

तिसरीला ओ आली. डब्यातल्या फोनातून. बाहेर काढला, तर आपोआप चालू. रडवी. लई लांबून. वाटलं, सुटली बिचारी —

न्हाई. हजेरी लागली.

छबू — ओ. भिवरा — ओ. मग केशर थांबली. दम घेतला —

जानकी.

जानकीच्या नावापुढं निळी खूण पडली. ऐकलं पोरीनं. बांधावर हाय ती. वर तिचं नाव दिसतंय, बोलायला लागली —

नगं गं —

आवाजाचं बटण दाबून धरलंय, दुसऱ्या हातानं लिहिते. केशर, मीबी नवीच हाय, मला घे. सगळ्यांनी ऐका — जानकीच्या नावाला ओ मी द्यायची, जानकीनं न्हाई, मीच —