पावातला केस

बुधवार, १९ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. शिर होतं तसंच आहे. केसही होते तसेच आहेत, फक्त आता कमरेपर्यंत पोचायला चार बोटं राहिलीत. ही बातमी आधीच देऊन टाकते, कारण तुझ्या पत्रात माझ्या तब्येतीच्या आधी त्यांचीच चौकशी आहे.

पत्र परवा मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मी खुशाल आहे. पगार वेळेवर होतो, खोलीत सकाळचं ऊन येतं, घरमालकीण तोंडाची फटकळ आहे पण मनाची बरी. बाबांचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. बाबा कसे आहेत हेसुद्धा लिहिलं नाहीस. 'इकडे सर्व ठीक' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंस.

पहिल्या पानावर 'झालं गेलं विसरून जा'. दुसऱ्या पानावर 'वहिनीच्या मनात काही नाही' आणि 'केस आता तरी माणसासारखे केलेस का, ती विचारत होती'. मग अगदी शेवटी, सहीच्या डोक्यावर, बारीक अक्षरात, 'तुमच्या हॉटेलात आपल्या पावाचे नमुने दिलेत, तिथं तुझ्या शब्दाला वजन आहे असं कळलं'. दादा, ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड काही गेली नाही. शेवटचं वाक्य आधी लिहिलं असतंस तर बाकीची दोन पानं वाचली असती.

तर आधी त्या वजनाबद्दल. तू ऐकलंस ते खरं आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं पाव-केकचं सगळं काम गेल्या वर्षापासून माझ्या हाताखाली आहे. रोजचा साधा पाव आता बाहेरून घ्यायचं ठरलंय. तीन बेकऱ्यांचे नमुने आले. ताटांवर नुसते आकडे होते, नावं नव्हती. दुसऱ्या ताटातला तुकडा मी तोंडात टाकला आणि लगेच ओळखला. बाबांचा पाव. वरचं कवच तेच, आतला किंचित आंबूस वास तोच. मी माझ्या कागदावर दोनचा आकडा लिहिला. बाकीच्यांनीही तोच निवडला. आता फक्त माझी सही राहिली आहे. तुझी दुसरी भट्टी विझली आणि पहिलीही कशीबशी चालू आहे, हे मला आपल्या बेकरीतल्या भट्टीवाल्या काकांकडून कळलंय. म्हणजे अडलंय कुणाचं, ते आपण दोघंही जाणतो.

सही करण्याआधी थोडं बोलू.

माझे केस लहानपणापासून कुरळे आणि दाट. आई म्हणायची, कंगव्याचे दात पडतील पण हिचे केस सरळ व्हायचे नाहीत. ती रोज सकाळी मला दोन गुडघ्यांत धरून विंचरायची आणि मी रोज रडायचे. आई गेल्यावर मी माझी मीच विंचरायचे आणि माझी मीच रडायचे. मग एक दिवस कंगवा ठेवून दिला. लोकांना वाटलं, हिला कुणीतरी सोडलं, ही कुठल्या तरी बाबाच्या नादी लागली, हिचं डोकं फिरलं. तसलं काही नव्हतं. केसांना जसं व्हायचं होतं तसं त्यांना होऊ द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

सुरुवातीचे महिने मी भयंकर दिसत होते, हे मान्य. फाटकी उशी डोक्यावर घेऊन फिरल्यासारखं. गिऱ्हाईक पाव घेता घेता विचारायचं, "काय गं, कंगवे महागले का?" एक आजोबा तर म्हणाले, "पाखरं राहतात का आत? मग भाडं घे की त्यांच्याकडून!" मी हसायचे. ते आजोबा खरोखर गमतीनं बोलायचे, त्यांचा राग कधी आला नाही. तू माझं नाव 'दोरखंड' ठेवलंस. वहिनी 'झिपरी' म्हणायची, आणि ती गंमत नव्हती. मग तिनं मला काउंटरवरून उठवलं. "लोक पाव बघायचे सोडून हिचं डोकं बघतात," म्हणाली. तू हिशेब करत होतास, मान वर केली नाहीस.

मी आत भट्टीकडे गेले. तिथं आरसा नव्हता, त्यामुळे मी सुखात होते असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते. धुतलेल्या ट्रेमध्ये तोंड दिसतं, दादा. रोज ट्रे पुसताना मी स्वतःकडे बघून घ्यायचे. आधी चोरून, मग सरळ. एकेक बट आपापली वळायला लागली, तिला आकार आला, वजन आलं, मान हलवली की पाठीवर आपटायला लागली. मला मी आवडायला लागले. तुम्हा सगळ्यांना ते जास्त झोंबलं असावं. वाईट दिसणारी बाई मान खाली घालून वावरली तर लोकांना चालते. ती मान वर करून वावरली की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की मी डोकं धूत नाही. दर सुट्टीला धुते. आजही धुतलंय, हे पत्र लिहिताना पाठीवर टॉवेल आहे. एकेक जट पिळायची, पंख्याखाली बसून वाळवायची, मुळाशी बोटांनी वळायची, अर्धा दिवस त्यात जातो. आणि कामावर मी डोक्याला जाळी आणि वरून फडकं बांधायचे, न चुकता. वहिनी काहीच बांधायची नाही. "मालकिणीला कसली आलीये जाळी? केस चपटे होतात माझे!" तू तिला दोनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा सांगायची तुझी छाती झाली नाही.

मग शाळेच्या मोठ्या बाई आल्या तो दिवस. मुलांच्या डब्यासाठी आपल्याकडून रोज बन जायचे. बाईंनी एक बन कागदात गुंडाळून आणला होता, उघडून टेबलावर ठेवला. आत केस. सगळे हातातलं काम टाकून जमले. बाबा दारातल्या खुर्चीतून उठून आले. वहिनीनं तो केस चिमटीनं ओढून बशीत टाकला आणि म्हणाली, "ह्या झिपरीशिवाय दुसऱ्या कुणाचा असणार?"

तू गडबडीत होतास, शाळेची ऑर्डर जायची भीती होती, तुला नीट दिसलं नसेल, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं.

आता ऐक. माझेही केस गळतात, सगळ्यांचेच गळतात. पण माझे खाली पडत नाहीत, जटेतच अडकून राहतात. त्यांचीच तर जट होते. चुकून एखादा पडलाच तर तो काळाभोर आणि वेटोळं घातलेला असणार. बशीतला केस हातभर लांब होता, सुतासारखा सरळ होता आणि टोकाला तांबूस होता. त्याच आठवड्यात वहिनीनं केस रंगवून घेतले होते. आपण सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मीसुद्धा केलं होतं, खरंच छान दिसत होते.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण वहिनीला मी चोर म्हणणार नाही. केस कुणाचाही पडतो. ती घाबरली आणि जे डोकं सगळ्यांना आधीच खुपत होतं त्याच्यावर खापर फोडून मोकळी झाली. तिचा राग मला परवडण्यासारखा होता. ती परक्या घरातून आलेली, तिनं तिचं बघितलं.

तू बशी उचललीस, दादा. खिडकीपाशी नेलीस. उजेडात धरलीस. केसाकडे पाहिलंस, मग वहिनीच्या डोक्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की तुला कळलं. मला वाटलं, आता दादा बोलेल. तू तो केस चिमटीत उचललास, एप्रनला पुसून टाकलास आणि म्हणालास, "उद्यापासून तू येऊ नकोस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

मी का बोलले नाही, असं भट्टीवाले काका अजून विचारतात. मी वाट पाहत होते. तू बोलशील म्हणून. आपली बाजू आपणच ओरडून मांडायची नसते, ती भावानं मांडायची असते, असं मला वाटत होतं. तू खरं सांगायचं सोडून मला घालवलंस आणि तेवढ्यात बाबा बोलले. "माझ्या पावात केस! तुझ्या आईनं जन्मभर डोक्याला फडकं बांधलं, आणि तू..." त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. दोन वर्षं ती पाठच आहे. मी फोन केला तर घेत नाहीत. त्यांच्या लेखी मी आईचं नाव बुडवलं.

दुसऱ्या दिवशी मी केस कापायला गेले होते. हे तुला माहीत नाही. खुर्चीत बसले, बाईनं कात्री हातात घेतली आणि विचारलं, "मुळापासून?" मी हो म्हटलं. मग मनात आलं, हे कापले तर तुमचं सगळ्यांचं म्हणणं खरं ठरेल. बाबांना वाटेल, चूक होती म्हणून कापले. मी उठले, त्या बाईची माफी मागितली आणि बाहेर पडले. लोक मला आता म्हणतात, काय आत्मविश्वास आहे गं तुझा! तो नंतर आला. आधी आला तो सूड.

हॉटेलातल्या मुलाखतीला मी डोकं गच्च बांधून गेले होते. मुख्य शेफबाई म्हणाल्या, "ते सोड बघू." सोडलं. त्यांनी मागूनपुढून बघितलं. मी रागानं काहीतरी बोलणारच होते. त्या म्हणाल्या, "एका जाळीत मावायचे नाहीत. दोन घे." झालं. एवढंच असतं ते, दादा. दोन जाळ्या.

आता कामाचं. सही करण्याआधी ज्यांचा पाव घ्यायचा त्यांची बेकरी जाऊन बघावी लागते. नियम हॉटेलचा आहे, माझा नाही. शेफबाईंना मी सांगितलं की ही माझ्या भावाची बेकरी आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या म्हणाल्या, "मग तर तूच जा, तू जास्त कडक बघशील." बाईंना माणसं कळतात.

येत्या मंगळवारी सकाळी येते, पाव निघायच्या वेळेला, म्हणजे सगळे टेबलाभोवती असतील. रस्त्यानं केस मोकळे सोडून येईन. गिऱ्हाइकांना बघायचं तेवढं बघू दे. दारात दोन जाळ्या चढवीन आणि एक वहिनीच्या हातात देईन. मालकीण असली तरी.

भट्टी बघीन, पिठाची कोठी बघीन, हात धुवायची जागा बघीन. मग जो प्रश्न मी प्रत्येक बेकरीवाल्याला विचारते तो तुलाही विचारीन. तुमच्या पावात कधी केस निघाला होता का? आणि तो कुणाचा होता?

मला बाजूला घेऊन हळूच कबूल करायचं, डोळ्यांत पाणी आणायचं, "बहीण ना गं तू माझी" म्हणायचं, हे चालणार नाही. मला घालवलंस चारचौघांत, सांगायचंही चारचौघांत. आणि केस कुणाचा होता एवढंच सांगून भागणार नाही. तुला तेव्हाच कळलं होतं, हेही सांगायचं. खरं बोललास तर त्याच टेबलावर सही करीन. खोटं बोललास तर मी भांडणार नाही. आभार मानून निघेन आणि पहिल्या ताटातला पाव मागवीन. तोही काही वाईट नव्हता. मग तुझी उरलेली भट्टी तू बघ.

तुला वाटेल, ही सूड घेतेय. घेतेय. पाव बाबांचा आहे म्हणून मी तुला ही एक संधी देतेय. नुसता तुझा असता तर हे पत्रही लिहिलं नसतं, सरळ नकार कळवला असता.

त्या सकाळी बाबांना आत ठेवू नकोस. गुडघा दुखत असला तर हाताला धरून आण, पण टेबलाजवळ बसव. काका सांगतात की अलीकडे त्यांना कमी ऐकू येतं. तेव्हा मोठ्यानं बोल.

कळावे. लोभाचं मंगळवारी बघू.

तुझी धाकटी बहीण